एकच, पण कोणत्या नात्यानें?

“दोन्ही मुलें मला सारखींच,” असें आई म्हणते, तेव्हां तिचें म्हणणें कोणी खोटें मानीत नाहीं. परंतु म्हणून तिनें दोघांना एकाच मापाचे सदरे शिवले, तर आपण हंसूं. सारखेपणा कोणत्या बाबतींतला, हें येथें उघड आहे. इतरत्र तें आपण विचारीत नाहीं, आणि तेथेंच घोटाळा होतो.

दोन शास्त्रांनीं मात्र हा विचार केला आहे. ‘होमॉलॉजी’ हा शब्द दोहोंतहि रूढ आहे. १८४३ सालीं रिचर्ड ओवेन यानें, रूप व कार्य पालटलें तरी भिन्न प्राण्यांत जो अवयव तोच राहतो, त्यास हें नांव दिलें. माणसाचा हात आणि देवमाशाचा वल्ह्यासारखा पर हे असे अवयव होत. या एकत्वाचें कारण समान पूर्वज, हें डार्विननें १८५९ सालीं दाखविलें.

गणितांत ही कल्पना आंरी प्वांकारे यानें १८९५ सालीं मांडली. हातांतली बांगडी घ्या. तिच्या जाडीभोंवतीं दोन ठिकाणीं, एकाच दिशेनें, एकेक दोरा वळवा. दोरे वेगळे, जागा वेगळ्या. परंतु त्यांच्यामधील पृष्ठाच्या पट्ट्याची सीमा हे दोन दोरेच, म्हणून गणिती त्यांस समान लेखतो. येथें वंश नाहीं, इतिहास नाहीं. व्याख्या ठरली, सिद्धता मिळाली, कीं वाद संपला.

प्राणिशास्त्रांत ‘एकच’ म्हणणें ही घडलेल्या गोष्टीविषयींची साक्ष आहे, आणि साक्ष खोटी ठरूं शकते. वटवाघळाचा व पक्ष्याचा पंख एकच काय? पुढचा पाय या नात्यानें होय. पंख या नात्यानें नाहीं, कारण त्यांच्या समान पूर्वजाला पंख नव्हते. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, उंदराच्या डोळ्याच्या घडणीस लागणारें जनुक फळमाशीच्या अंगांत भलत्या जागीं कार्यास लावलें. तेथें डोळा उगवला, पण तो माशीचाच!

व्यवहारांत आपण या दोन समानतांची गल्लत करतों. एखाद्या जमातीविषयीं “सारे एकाच माळेचे मणी” असें म्हणतांना, जेथें साक्ष हवी तेथें आपण सिद्धतेचा आव आणतों. उलट ‘कायद्यापुढें सर्व समान’ हा आपण विचारपूर्वक पत्करलेला नियम. तो खोडण्यासाठीं मात्र माणसामाणसांतील भेदांच्या साक्षी काढतों. बुद्धि, बळ, रूप यांत भेद आहेतच. त्यांनीं तो नियम ढळत नाहीं, कारण तीं माणसें सारखीं दिसतात असें त्यानें कधींच म्हटलें नव्हतें. आईनेंहि तें म्हटलें नव्हतें.