तारखेचे काम, हंगामाचे काम

अभयारण्यातील स्वयंसेवेची कामे दोन जातींची असतात. काही तारखेला बांधलेली असतात, काही हंगामाला. जुलैच्या पहिल्या आठवड्यातील वनमहोत्सव, १ ते ७ ऑक्टोबरचा वन्यजीव सप्ताह, ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह आणि बुद्ध पौर्णिमेची मचाणावरची रात्र ही पहिल्या जातीची कामे. जाळरेषा काढणे, पाणवठा राखणे, नाल्यावर वनराई बंधारा घालणे, वेडी बाभूळ मुळासकट उपटणे ही दुसऱ्या जातीची. लोकसहभागाची सध्याची चर्चा जवळजवळ सगळी पहिल्या जातीभोवती फिरते. किती लोक आले, किती रोपे लागली, किती प्राणी दिसले, एवढे सांगून ती संपते. बुलढाणा जिल्ह्यातील अभयारण्यांचे वर्ष नीट पाहिले तर ही चर्चा किती उथळ आहे ते ध्यानात येते. तिथले जंगल तगते ते दुसऱ्या जातीच्या कामांवर.

जिल्ह्यात तीन अभयारण्ये आहेत. दक्षिणेकडे अजिंठ्याच्या रांगांत सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा, उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर तालुक्यात सुमारे १२७ चौरस किलोमीटरचे अंबाबरवा आणि लोणारच्या विवराभोवतीचे चिमुकले लोणार अभयारण्य. पहिली दोन १९९७मध्ये घोषित झाली, लोणार २०००मध्ये. अंबाबरवा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला जोडलेले आहे. ज्ञानगंगाला तशी पाठराखण नाही. साग, सालई, धावड्याचे हे कोरडे पानझडी जंगल शेतांनी आणि रस्त्यांनी वेढलेले आहे. बिबट, अस्वल, नीलगाय (रोही) आणि रानडुक्कर यांचा वावर जंगलात असतो तसाच लगतच्या शिवारातही. अशा जंगलाला पाण्याची टंचाई, वणवा आणि सीमेवरचा माणूस-प्राणी संघर्ष हे तीन घोर कायमचे असतात. तिन्ही हंगामाने येतात आणि हंगामाने वाढतात.

लोकांनी जंगल राखण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. देवरायांपासून संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांपर्यंत आणि तिथून गडचिरोलीतील मेंढा-लेखाच्या सामूहिक वनहक्कांपर्यंतचा प्रवास वाचकांना परिचित आहे. या सगळ्या परंपरांमध्ये राखण हे वर्षभराचे काम मानले गेले. त्याचा सोहळा झाला तो अलीकडच्या काळात.

पावसाळ्यापासून सुरुवात केली तर पहिले काम वृक्षलागवडीचे मानले जाते. १ जुलै २०१६ रोजी राज्याने एका दिवसात २ कोटी रोपे लावण्याचा संकल्प केला आणि २०१९पर्यंत हे लक्ष्य ३३ कोटींवर गेले. मोहिमेमागचा हेतू चांगला होता, पण लागवडीचा मुहूर्त पावसाने ठरवायचा असतो. घाटावर पावसाने दोन आठवड्यांची ओढ दिली की तारखेला लावलेले रोप माना टाकते, आणि तेव्हा पाणी घालायला तारखेचे पाहुणे तिथे नसतात. त्याहून मोठी चूक जागा निवडण्यात होते. मोकळा गवताळ माळ रिकामा समजून त्यावर खड्डे घेतले जातात. ज्या मारवेल-पवन्यावर तृणभक्षी प्राणी जगतात ते गवत त्यात जाते. अभयारण्यात पावसाळ्यातले खरे काम बहुतेक वेळा लावण्याचे नसून उपटण्याचे असते. घाणेरी, रानतुळस आणि तरोटा फुलावर येण्याआधी, माती ओली असताना मुळासकट निघाले तरच उपयोग होतो. बी पडल्यावर केलेली सफाई पुढच्या वर्षीची पेरणी ठरते.

पाऊस ओसरला की बंधाऱ्यांचे दिवस येतात. वनराई बंधाऱ्याला सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, जागेवरची माती आणि माणसांचे हात एवढेच भांडवल लागते. गोण्या भरून तोंडे शिवायची, विटांच्या जोडणीप्रमाणे सांधा सांध्यावर येऊ न देता नाल्यात आडव्या रचायच्या, फटी चिकणमातीने लिंपायच्या आणि जादा पाणी जायला वाट ठेवायची. काम सोपे आहे, पण त्याची वेळ नेमकी आहे. जोराचे पूर संपलेले असावेत आणि धार मात्र वाहती असावी. चार दिवस आधी घातलेला बंधारा वाहून जाऊ शकतो, महिनाभर उशिरा घातलेला कोरडाच राहतो. ही वेळ कोणत्याही सप्ताहाच्या पत्रिकेत छापता येत नाही. नाला रोज पाहणाऱ्यालाच ती कळते.

हिवाळ्यात लोणारकडे वळावे लागते. जून २०२०मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. विवराच्या उतारावर आणि काठावर पसरलेल्या वेड्या बाभळीला मात्र अशी प्रसिद्धी लाभत नाही. ती तोडली की बुडख्यातून पुन्हा फुटते, उपटली तरी मातीतले बी पुढे अनेक वर्षे उगवत राहते. एका दिवसाच्या श्रमदानाने ती दाट होऊन परत येते. सलग काही वर्षे त्याच तुकड्यावर फिरून नवे कोंब काढत राहणे हाच तिच्यावरचा इलाज आहे.

पक्षिगणनेचे उदाहरण इथे उपयोगी पडते, कारण ती तारखेला होऊनही हंगामाचे काम करते. जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना १९८७पासून चालत आली आहे. तिचे मोल एका सकाळच्या आकड्यात नाही. त्याच पाणथळीवर, त्याच महिन्यात, त्याच रीतीने दरवर्षी मोजले गेले तर बदल दिसतो. म्हणजे दोष तारखेत नाही. त्या तारखेला येणारा माणूस पुढच्या वर्षी येतो की नाही, हा प्रश्न आहे.

उन्हाळा हा या जंगलाचा कसोटीचा काळ. राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानला जातो. त्याआधी जाळरेषा काढल्या जातात. ठरलेल्या पट्ट्यातले गवत कापतात, पालापाचोळा मधोमध ओढतात आणि वारा उठण्याआधी, सकाळच्या गारव्यात तो नियंत्रणात जाळतात. दोन्ही कडांना ओल्या फांद्या घेऊन माणसे उभी असतात. ठिणगी पलीकडच्या गवतात पडली की तिथेच झोडपून विझवतात. आग मागे राहिली नाही याची खात्री होईपर्यंत कोणी जागा सोडत नाही. छायाचित्रात येते ती इथवरची गोष्ट. पण सागाची पाने पुढेही गळत राहतात. फेब्रुवारीत स्वच्छ केलेला पट्टा मार्चअखेर पुन्हा पानांनी झाकला जातो आणि आगीला पलीकडे जायला पूल मिळतो. जाळरेषा उपयोगी पडते ती दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा झाडल्यामुळे. हे झाडणारे वनमजूर असतात आणि त्यांची संख्या कधीच पुरेशी नसते.

पाणवठ्याचेही तसेच आहे. टाकी भरली म्हणजे काम संपले असे होत नाही. काठ उतरता हवा, नाहीतर लहान प्राणी आत पडून बुडतात. गाळ काढावा लागतो, पंप बंद पडला तर त्याच दिवशी कळावे लागते. पाण्याच्या कडेला मेलेले बेडूक किंवा पाखरे दिसली तर पाण्यात विष किंवा युरिया कालवल्याची शंका घ्यावी लागते. ही पाहणी रोजची आहे. एक दिवस चुकला तर त्याची किंमत प्राणी मोजतात.

याच पाणवठ्यांच्या काठी बुद्ध पौर्णिमेला मचाणे बांधली जातात. भर उन्हाळ्यातली टंचाई आणि पूर्ण चंद्राचा उजेड यांमुळे एका रात्रीत पुष्कळ प्राणी दिसतात हे खरे. पण एकच प्राणी दोन पाणवठ्यांवर दोनदा मोजला जातो, दुसरा कुठेच मोजला जात नाही. २००६पासून दर चार वर्षांनी होणारा देशपातळीवरचा व्याघ्र अंदाज त्यामुळेच कॅमेरा ट्रॅप आणि नमुना पद्धतीवर उभा आहे. वनविभागानेही या रात्रीला निसर्गानुभव म्हणायला सुरुवात केली, हे प्रामाणिक झाले. वर्तमानपत्रे मात्र दुसऱ्या दिवशी अजून आकडेच छापतात.

या सगळ्या व्यवहाराबद्दल निरनिराळी मते आहेत. जंगल हे फक्त सरकारचे काम आहे, लोकांनी लांब राहावे, असे म्हणणाऱ्यांनी वनरक्षकांविना रिकाम्या राहिलेल्या नियतक्षेत्रांकडे पाहावे. पर्यटनाच्या पैशातून सगळे सुटेल असे मानणाऱ्यांनी पर्यटक जूनच्या पहिल्या पावसात कुठे असतात ते पाहावे. स्वयंसेवेमुळे मजुरांचा रोज बुडतो हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सरळ आहे: ज्या कामाला मजुरी मिळते ते फुकट करून घेऊ नये.

ज्या मताचा समाचार सविस्तर घ्यायला हवा ते वेगळे आहे. ते म्हणते की एका रात्रीच्या मचाणाने किंवा एका सकाळच्या लागवडीने जंगलात फरक पडला नाही तरी बिघडत नाही, कारण त्यातून जाणीवजागृती होते. माणूस जंगल पाहतो, त्याला ते आवडते आणि आवडले की तो ते वाचवतो. हे मत इतके सौम्य आहे की त्याला कोणी विरोध करत नाही. त्यामुळेच ते घातक ठरले आहे.

पहिली गोष्ट, मचाणावर बसायला येणारा माणूस आधीच जागृत असतो. नोंदणी करून, पैसे भरून, रात्रभर डास सोसायला तो तयार असतो. त्याला जे पटवायचे ते त्याला पटलेलेच आहे. दुसरी गोष्ट, जागृतीचे यश कशाने मोजायचे हे कोणी सांगत नाही. लावलेले रोप मेले तर ते दिसते, बंधारा फुटला तर तोही दिसतो. जागृती मात्र कधीच अपयशी ठरत नाही. जे काम फसूच शकत नाही, त्यातून शिकायलाही काही उरत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्यांच्या वागण्यावर जंगलाचे भवितव्य ठरते त्यांच्याकडे जाणिवेची उणीव नसते. सातपुड्याच्या पट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात. पाचोळ्यात पडलेली फुले दिसत नाहीत, म्हणून झाडाखालची जागा जाळून साफ करण्याची रीत आहे आणि अनेक वणवे तिथून सुरू होतात. मोह वेचणाऱ्या बाईला आग वाईट असते हे ठाऊक असते. तिच्यापुढचा प्रश्न पहाटेच्या दोन तासांत टोपली कशी भरायची हा असतो. झाडाखालचा पाला आधी झाडून देणे किंवा फुले झेलायला जाळी वा जुनी लुगडी अंथरणे, हा त्यावरचा उपाय आहे. त्यासाठी मार्चमध्ये माणसे हवीत, ऑक्टोबरात भाषण नको. ज्याला इथे मदत करायची आहे त्याने झाडू घेऊन यावे.

या मताची सर्वांत बळकट बाजू मुलांची आहे. शाळकरी पोराने पहिल्यांदा स्वर्गीय नर्तक पाहिला तर त्याचे आयुष्य बदलू शकते, हे कोणी नाकारू नये. पण ज्यांच्या जन्मदिवसापासून पक्षी सप्ताह सुरू होतो त्या मारुती चितमपल्लींचे उदाहरण उलटेच सांगते. त्यांचे ज्ञान वनखात्यातील दीर्घ नोकरीतून, त्याच त्या रानात पुन्हा पुन्हा फिरण्यातून आणि रानात राहणाऱ्या माणसांचे ऐकण्यातून आले. पहिले दर्शन हवेच, पण त्याला दुसरे आणि दहावे जोडले नाही तर ते सहलीच्या आठवणीत जमा होते.

२०१९मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला टी१सी१ हा रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ सुमारे १३०० किलोमीटर चालून डिसेंबरात ज्ञानगंगात पोचला. जागृतीवाल्यांच्या दृष्टीने ही मोठी पर्वणी होती. वाघासाठी मात्र वाटेतले ओढेकाठचे झाडोरे, तुरी-कपाशीची शिवारे आणि पोचल्यावर मिळालेले पाणी व शिकार मोलाची होती. हे सगळे ज्यांनी राखले त्यांपैकी बहुतेकांनी स्वतःला कधी स्वयंसेवक म्हटले नसेल.

इथे अभयारण्याच्या सीमेवरच्या शेतकऱ्याचा विचार करावा लागतो. हरभरा घाट्यावर आला, मका कणसात आला की तो रात्री जागलीला जातो. रोही आणि डुकरे हाकतो, पहाटे परतताना अस्वलाची धास्ती बाळगतो. नुकसानभरपाईसाठी पंचनाम्याची वाट पाहतो आणि तरीही तारेत वीज सोडत नाही. वन्यजीवांसाठीची याहून मोठी सेवा दुसरी नाही. सध्याच्या चर्चेत मात्र शहरातून एका रात्रीसाठी आलेला पाहुणा स्वयंसेवक ठरतो आणि हा शेतकरी लाभार्थी ठरतो, कधी संशयितही. गावच्या जागलीत सोबत करणे, पंचनाम्याचे कागद भरून देणे, अस्वलांच्या वाटेवर पहाटे एकट्याने जाऊ नये म्हणून गट बांधणे ही अभयारण्याची कामे मानली गेली पाहिजेत.

म्हणून सेवेचे मोल ठरवताना एकच भेद पुरेसा आहे. माणूस आला नाही तर काम अडते का? मचाणावरची जागा रिकामी राहिली तर काहीच अडत नाही. पाणवठ्याची फेरी चुकली, जाळरेषा दुसऱ्यांदा झाडली गेली नाही, बंधाऱ्याची वेळ टळली, तर अडते. पहिल्या प्रकारात माणूस पाहुणा असतो, दुसऱ्यात तो त्या जागेचा राखणदार होतो. उत्साह, ज्ञान, साधने यांतला फरक यापुढे गौण आहे.

हा भेद मान्य केला तर आखणी आपोआप बदलते. हजार माणसांना एक दिवस बोलावण्याऐवजी वीस माणसांच्या गटाकडे एक नाला, एक पाणवठा किंवा जाळरेषेचा एक तुकडा निदान तीन वर्षांसाठी सोपवावा. गटात निम्मी माणसे लगतच्या गावची असावीत आणि कामाचे दिवस गावाने व वनरक्षकाने मिळून ठरवावेत. हंगामाच्या शेवटी तीनच गोष्टींची नोंद व्हावी: त्या तुकड्यात किती जळले, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकले आणि गटातली किती माणसे पुन्हा आली. यांतली शेवटची नोंद सर्वांत मोलाची आहे. पहिल्या दोन्ही तिच्यावरच अवलंबून असतात.