मूठ आणि हिशेब

दोस्तहो, प्रश्न साधा आहे, पण आपण तो टाळतो. वस्तीतल्या पोरापोरींसाठी एखादी संस्था अभ्यासिका चालवते, संगणक शिकवते. तिचा पैका कुणी द्यावा? ज्याच्याकडं आहे त्यानं, की ज्याच्यासाठी आहे त्यानं?

आमच्या जालन्याकडं हा प्रश्न पोटाला चिमटा घेतो. दिवाळीच्या आगंमागं मंठा-परतूरकडची माणसं कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यांच्यापुढं पावतीपुस्तक धरायचं? असाच एक जण मला म्हणाला, "काहून? आमीच पैसे द्यायचे, तर सरकार कशाला हाय?" त्याचं म्हणणं उडवून लावता येत नाही. 'लोकसहभाग' हा गोड शब्द पुष्कळदा गरिबाच्याच खिशात हात घालतो. शाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती हे हक्क आहेत. ते वर्गणीतून उभे करणं म्हणजे सरकारला सुट्टी देणं.

मग कंपनीकडं जावं? २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानं मोठ्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकामाला लावावे लागतात. जालन्याच्या एमआयडीसीत लोखंड वितळतं. भट्टीपुढं कोण उभं राहतं? त्या नफ्यात आपल्याही माणसाचा घाम आहे. म्हणून तो पैसा घ्यायला मला लाज वाटत नाही. ते दान नव्हे, परत आलेला वाटा आहे. पण देणारा तसं समजत नाही. त्याला पंख्याच्या पात्यावर नाव हवं, पोरांच्या रांगेसोबत फोटो हवा. आणि निधी संपला की अभ्यासिकेला कुलूप. जाब कुणी विचारायचा? पोरं तर 'लाभार्थी' होती. लाभार्थ्यानं हात जोडायचे असतात, तोंड उघडायचं नसतं.

आपल्याकडं दुसरी वाट होती. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू झालं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी बाया मूठमूठ धान्य बाजूला काढायच्या. मुष्टिफंड म्हणत त्याला. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा भाग मागितला. सगळ्यांकडून सारखी रक्कम नाही, भाग. म्हणजे ज्याची मिळकत मोठी, त्याची पावती मोठी.

पण इथं एक अडचण आहे. ज्याच्या डोक्यावर मुकादमाची उचल आहे, त्यानं विसावा भाग कुठून काढायचा? तो देऊ शकला नाही, तर बैठकीत त्याला बोलायचा हक्क नाही? असं म्हटलं की आपण पुन्हा जुन्याच गावात गेलो. तिथंही ज्याच्याजवळ होतं त्याचाच शब्द चालायचा.

म्हणून मी असं म्हणतो : हक्क मुठीनं विकत मिळत नाही. त्याचं लेकरू तिथं बसतं, एवढ्यानंच तो हक्कदार आहे. मूठ देते ती हक्क वापरायची हिंमत. स्वतःचे दहा रुपये घातलेला माणूस दारात उभा राहत नाही, आत येऊन बसतो. ज्याला तेही जमत नाही, त्याला आत बोलावून बसवणं हे आपलं काम.

तेव्हा सरकारकडचं भांडून घ्या. कंपनीकडचं आपल्या अटीवर घ्या. आणि वर्गणी काढा, पण पहिली पावती वस्ती सोडून कॉलनीत गेलेल्या नोकरीवाल्याची फाडा. महिन्याच्या शेवटी बुद्धविहारात हिशेब मोठ्यानं वाचा. मागच्या रांगेतली, एक पैसा न दिलेली बाई उठून म्हणाली, "हे वीस रुपये कशाला गेले?" की समजा, संस्था आपली झाली.