अरिष्ट आणि त्याची खूण

गोवंडी स्थानकातून बैंगनवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर औषधांचे एक दुकान आहे. त्याच्या काचेच्या कपाटात अशोकारिष्ट आणि दशमूलारिष्ट यांच्या तपकिरी बाटल्या शेजारी शेजारी उभ्या असतात, आणि त्याच दुकानाच्या फळीवर पडलेल्या सकाळच्या वर्तमानपत्रात कुठल्या ना कुठल्या मुलखावर कोसळलेल्या अरिष्टाचा मथळा असतो. बाळंतीण सुनेला शक्ती यावी म्हणून सासूने मागितलेली बाटली आणि मुलखाचा घास घेणारी आपत्ती यांना एकच नाव कसे पडले, हा प्रश्न त्या फळीपाशी सुट्या पैशांची वाट पाहत उभा असताना मला प्रथम पडला.

व्युत्पत्ती पाहू जाता कोडे अधिकच गहन होते. ‘रिष्’ या धातूचा अर्थ इजा होणे. तेव्हा ज्याला इजा पोहोचलेली नाही ते अरिष्ट. ज्याच्या चाकाची धाव अभंग राहिली तो अरिष्टनेमी, आणि जैनांच्या बाविसाव्या तीर्थंकरांचेही हेच नाव आहे. धायटीची फुले घालून आंबवलेल्या काढ्यात मद्यार्क आपोआप उत्पन्न होतो आणि तो काढा दीर्घकाळ नासत नाही, म्हणून तोही अरिष्ट. आजीबाई केस धुवायला उकळीत तो रिठाही याच शब्दाचा झिजलेला वंशज. मग इतका निर्विघ्न शब्द विघ्नाच्या घरी दत्तक कसा गेला? माझा तर्क असा की, ज्या घरात बांगडी फुटली असे न म्हणता ती वाढवली असे म्हणतात आणि उंबरठा ओलांडणारा ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, त्या घराने संकटालाही त्याच्या उलट नावानेच हाक मारली असावी. तर्कच तो, त्याचा फार आग्रह नाही.

आग्रह आहे तो पुढच्या गोष्टीविषयी. वैद्यकात अरिष्ट म्हणजे मृत्यू नव्हे. मृत्यू जवळ आल्याची खूण. चरकसंहितेचे बारा अध्यायांचे इंद्रियस्थान या खुणांसाठीच खर्ची पडले आहे: रोग्याच्या वर्णात, स्वरात, गंधात, सावलीत, स्वप्नात काय पालटले म्हणजे वैद्याने काय ओळखावे. चरकाचा निर्णय कठोर आहे. खूण खरी असेल तर मरण चुकत नाही, आणि फसवी खूण ही बहुधा पाहणाऱ्याच्या बुद्धीची चूक असते. सुश्रुत मात्र मरण ध्रुव आहे असे म्हणता म्हणताच तप, जप आणि रसायन यांच्या बळावर ते निवारता येते म्हणतात, अशी एक फट उघडी ठेवतो. मराठी माणूस बोलण्यात सुश्रुताचा अनुयायी दिसतो, कारण त्याच्या तोंडी अरिष्ट ओढवते तसे ते टळतेही, आणि टळल्यावर तो नारळ फोडतो. परंतु खुणेचे नाव आपण घटनेला दिले तेव्हा एक माणूस त्या शब्दातून गुपचूप वजा झाला: ती खूण वाचण्याचे काम ज्याच्याकडे होते तो.

जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारच्या कचराभूमीला आग लागली. १९२७ सालापासून मुंबईने तेथे जे जे टाकले त्याचे डोंगर झाले होते, आणि हवेवाचून कुजणाऱ्या त्या डोंगरांच्या पोटात मिथेन वायू साचत होता. धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला. जवळपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये आग पुन्हा भडकली. त्या दिवसांत आमच्या रेल्वेच्या डब्यातल्या प्रवाशांत कोणी अरिष्ट म्हणे, कोणी आफत, कोणी बला. आणि तिन्ही शब्दांनंतर खिडक्या सारख्याच तत्परतेने खाली ओढल्या जात.

पुढे काही महिन्यांनी, त्या डोंगरावर भंगार वेचणाऱ्या, मूळच्या मराठवाड्यातल्या एका मावशींशी बोलण्याचा योग आला. पोत्यावर बसून त्या प्लास्टिक निवडीत होत्या, पातळ वेगळे, जाड वेगळे, आणि जाड कोणते हे डोळ्यांनी न पाहता बोटांनी दाबून, त्याच्या आवाजावरून ठरवीत होत्या. आगीचा विषय निघाला तेव्हा म्हणाल्या, “पेटणारच होतं की ते, दादा. चार दिस चपलेतनं चटका बसत हुता.”

इंद्रियस्थानाचा तेरावा अध्याय मी त्या पोत्यापाशी ऐकला, असे मला वाटले. त्यांच्या ‘पेटणारच होतं’ यात आणि रेल्वेच्या डब्यात ऐकलेल्या ‘पेटणारच होतं’ यात शब्दांचा काडीमात्र फरक नव्हता. परंतु डब्यातले वाक्य घटना घडून गेल्यावर, दैवाच्या खाती जमा करण्यासाठी उच्चारलेले होते, आणि मावशींचे वाक्य चार दिवस आधी तळपायाने नोंदलेले होते. पहिल्यात अटळपणा हा सिद्धान्त आहे, दुसऱ्यात तो अनुभव; आणि सिद्धान्त सांगणाऱ्याच्या पायाला सहसा चटका बसत नाही.

आपल्या जुन्या महसुली दफ्तरांनी या बाबतीत अधिक विवेक दाखवला होता. पीक बुडाले तर ते अस्मानी की सुलतानी, असा भेद तेथे होता: अवर्षण, गारपीट ही अस्मानी, फौजेची धामधूम, लुटालूट ही सुलतानी. रयतेला सूट द्यायची तर नुकसान कोणत्या दारातून आले ते कारकुनाला नमूद करावे लागे. ‘अरिष्ट’ या भारदस्त तत्सम शब्दात हा रकानाच नाही. देवनारचा धूर अस्मानात चढला एवढ्यावरून तो अस्मानी ठरत असेल, तर गोष्ट निराळी.

यातले थोडेसे मी मावशींना माझ्या परीने समजावू पाहिले. म्हटले, तुम्ही जो चटका सांगता त्यालाच शास्त्रात अरिष्ट म्हणतात. त्यांनी हातातली पिशवी एकदा दाबली, तिचा आवाज ऐकला, आणि ती पातळाच्या ढिगावर टाकली.

“मुकादमाला बी तवाच सांगितलं हुतं,” त्या म्हणाल्या. “त्येनं बूट घातलेलं हुतं.”