सृष्टी ही आमची नीतीची शिक्षिका होय काय?

इ.स. २००७ च्या मे महिन्यात, अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात, सुमारे १४०० मीटर खोलीवर, बिनमाणसांच्या पाणबुडीतून शोधकांस एक ऑक्टोपस मादी खडकास चिकटून अंडी राखीत असलेली दिसली. ऑक्टोपस म्हणजे आठ भुजांचा, अस्थिहीन जलचर. पुढे २०११ च्या सप्टेंबरपर्यंत ते जेव्हा जेव्हा तेथे गेले, तेव्हा तेव्हा तीच माता त्याच खडकावर! अंगावरील जुन्या व्रणांवरून ती ओळखू येई. तिने काही खाल्लेले कोणी पाहिले नाही. यंत्राच्या हाताने खेकड्याचे तुकडे पुढे केले, तेही तिने घेतले नाहीत. तिचा वर्ण फिका पडला, डोळे निस्तेज झाले. असे ५३ महिने.

ही हकिकत आम्ही मातृप्रीतीचा दाखला म्हणून एका उपासनेत सांगितली, आणि ती चांगली वठली असे आम्हांस वाटले. उपासनेनंतर एक बाई दाराशी थांबली. आपले तान्हे सासूजवळ ठेवून ती ऊसतोडीस जाऊन आली होती. तिने विचारिले, "पाळकसाहेब, मग त्या जिवाहून मी हलकी का?" आम्हांस उत्तर सुचले नाही.

घरी आल्यावर आमची चूक आमच्या ध्यानात आली. समुद्रातच शार्क माशाची, ज्यास कोकणात मुशी म्हणतात, 'सँड टायगर' नावाची एक जात आहे. तिच्या दोन गर्भाशयांत पुष्कळ गर्भ धरतात. पण जो प्रथम वाढतो तो पोटातच आपल्या भावंडांस खाऊन टाकितो. शेवटी दोनच पिले जन्मास येतात, प्रत्येक सुमारे १ मीटर लांब. हा दाखला बंधुप्रीतीच्या उपदेशात कोणी घेत नाही. एक दाखला उचलावयाचा व दुसरा झाकावयाचा, हे ठरविणारी कसोटी आम्ही समुद्रातून आणिलेली नसते. ती घेऊनच आम्ही समुद्राकडे पाहतो.

मोठा मासा लहानास गिळतो, यास आमच्या देशात मत्स्यन्याय म्हणतात. जुन्या नीतिकारांनीही तो कित्ता म्हणून नव्हे, तर राजाने आवरावयाची दुरवस्था म्हणूनच सांगितला. तथापि उच्चनीच हा सृष्टिक्रमच आहे असे म्हणणारेही झाले, आणि गावकुसाबाहेर राहिलेल्या आमच्या वाडवडिलांनी त्या क्रमाची फळे चाखिली आहेत.

मग शलमोन आळशास मुंगीकडे का पाठवितो? श्रम चांगले हे आळशासही ठाऊक असते. मुंगी त्यास लाज आणिते, एवढेच. ईयोबाच्या ग्रंथात तर अंडी धुळीत सोडून जाणाऱ्या, पिलांशी निष्ठुर होणाऱ्या शहामृगीचेही वर्णन आहे, आणि देवाने तिला ती समज दिली नाही असे कारणही तेथेच दिले आहे. तिला पाप नाही. तसेच त्या ऑक्टोपसास पुण्यही नाही. जेथे निवडच नाही तेथे स्तुती कोणाची करावी?

त्या बाईस मात्र निवड करावी लागली. एकीकडे तान्हे, दुसरीकडे मुकादमाची उचल आणि रिकामी कणगी. पुढल्या आठवड्यात आम्ही तिच्या घरी गेलो व आमचा दाखला चुकला हे तिला सांगितले. तिने मांडीवरच्या मुलास थोपटीत ऐकून घेतले, आणि त्या आईचे पुढे काय झाले, असे विचारिले. २०११ च्या ऑक्टोबरात शोधक गेले तेव्हा ती तेथे नव्हती. खडकावर अंड्यांचे रिकामे कोश तेवढे राहिले होते. पिले बाहेर पडून निघून गेली होती.