दोर वळणारे हात



मठाच्या जत्रेत दरवर्षी सत्कार होतात. ज्याने महाद्वार बांधून दिले त्याचा, ज्याने दासोहासाठी तांदळाची पोती पाठवली त्याचा, ज्याची मुलगी परीक्षेत पहिली आली त्याचा. यात गैर काही नाही. द्वार डोळ्यांना दिसते, पोती मोजता येतात, गुणपत्रिका वाचता येते. परंतु जीव नकोसा झालेल्या माणसाशी कोणी रात्रभर बोलत बसला, आणि तो माणूस सकाळी उठून आपल्या शेतावर गेला, तर तेथे दाखवण्यासारखे काय उरते? काहीच घडलेले नसते. न झालेल्या मरणाचा दाखला कोणतीही कचेरी देत नाही. मग अशा सेवकाला ओळखावे कसे आणि त्याचा मान राखावा कसा?

हा प्रश्न थोड्या लोकांचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यांतील २२,७४६ महाराष्ट्रातील होती, आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. २००३ पासून १० सप्टेंबर हा दिवस जगभर आत्महत्या प्रतिबंध दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने या कामातील माणसांविषयी शरणांच्या दृष्टीने थोडे चिंतन करावे असे वाटले.

प्रथम एक हकीकत सांगतो. ती विलायतेतील असली तरी एका धर्मगुरूची आहे, म्हणून माझ्यासारख्याला फार जवळची वाटते. चॅड व्हारा नावाच्या तरुण ख्रिस्ती धर्मगुरूवर १९३५ साली एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी करण्याची वेळ आली. ती ऋतुमती झाली होती. आपल्याला काही लाजिरवाणा रोग जडला असे तिला वाटले, विचारायला जवळचे कोणी नव्हते, आणि तिने आपले जीवन संपवले. ते दुःख त्यांच्या मनातून गेले नाही. १९५३ साली त्यांनी लंडनमधील आपल्या चर्चमध्ये अशा संकटातील माणसांसाठी दूरध्वनी सुरू केला. लोक फोन करू लागले, दाराशीही येऊ लागले. गुरुजींची भेट होईपर्यंत त्यांना बसवून चहा द्यावा म्हणून काही साधे स्वयंसेवक होते. थोड्याच महिन्यांत व्हारांच्या लक्षात आले की, चहा देणाऱ्यांपाशी मन मोकळे करून पुष्कळ जण शांत होतात, त्यांना गुरूची गरजच उरत नाही. १९५४ साली त्यांनी ऐकण्याचे काम त्या स्वयंसेवकांच्या हाती सोपवले. 'समॅरिटन्स' ही संस्था अशी उभी राहिली.

आसनावर बसणाऱ्याने चहा देणाऱ्याचे मोठेपण ओळखावे, ही गोष्ट सोपी नाही. मला ते वेळेवर जमले नाही. ती माझी चूक येथे सांगतो.

पीठावर येऊन मला फार वर्षे झाली नव्हती. एका सायंकाळी जवळच्या खेड्यातील एक तरुण मठात आला. नमस्कार करून बसला आणि म्हणाला, "आप्पाजी, कशातच मन लागत नाही." मला वाटले, वैराग्याचा अंकुर दिसतो आहे. मी त्याला संसाराच्या असारतेवर अर्धा तास सांगितले. तो मान हलवत राहिला. मी विभूती दिली, प्रसाद घेऊन जा म्हणालो आणि पूजेला उठलो. दासोहात वाढणारी एक वृद्ध माता रात्री माझ्याकडे आली. म्हणाली, "आप्पाजी, त्या पोरानं काय खाल्लं न्हाई. भात नुसता चिवडत बसलं हुतं. त्याच्या घरला कोण हाय काय, जरा बघा की." मी "उद्या पाहू" म्हणालो. पाचव्या दिवशी तो गेल्याची बातमी आली.

त्या मातेला जे एका ताटावरून कळले, ते मला माझ्या सगळ्या निरूपणात कळले नाही. मी बोलत होतो आणि ती पाहत होती, एवढाच आमच्यातला फरक.

पुढे काही वर्षांनी सासर सुटलेली एक स्त्री मठात आली, तेव्हा हीच माता तिच्याजवळ बसून राहिली. उपदेश नाही, चौकशी नाही. रात्री आपल्याच अंथरुणाशेजारी तिचे अंथरूण घातले, आणि सकाळी तिच्या भावाला बोलावून घेतले. ती स्त्री आज नातवंडांत आहे. आमच्या त्या मातेचा सत्कार मात्र कधी झाला नाही. जत्रेच्या दिवशी ती नेहमी स्वयंपाकघरातच असे. आता ती लिंगैक्य झाली आहे.

आज विचार करतो, तिचा सत्कार केला असता तर कशासाठी केला असता? त्या स्त्रीचा जीव वाचला म्हणून? मग त्या तरुणाचे काय? त्याच्यासाठीही तिने तेच केले होते. तिने पाहिले, तिला कळवळा आला, आणि सांगायचे त्याला तिने सांगितले. फळ वेगळे निघाले, पण कायक एकच होते. सत्कार फळाचा करायचा ठरवला, तर ज्याच्या हातून जीव निसटला त्याला आपण न बोलता अपराधी ठरवतो. या कामातील प्रत्येकाच्या मनात असा एखादा चेहरा घर करून असतो. आमची ती मातासुद्धा "मी त्याच्यासंगं जायाला पायजे हुतं" असे पुष्कळ दिवस म्हणत असे. खरे तर जायला मी हवे होते.

शरणांनी कायकाला जी प्रतिष्ठा दिली, तिचा अर्थ मला येथे नव्याने उमगतो. नुलिय चंदय्या हे दोर वळण्याचे कायक करणारे शरण. गवत कापावे, दोर वळावा, तो विकून जे मिळेल त्यातून जंगम दासोह करावा, हा त्यांचा नेम होता. वळलेला दोर पुढे कोणाच्या हाती जाईल आणि कोणता भार पेलेल, हे वळणाऱ्याला ठाऊक नसते. पीळ सैल राहू नये, एवढे त्याच्या हाती असते, आणि तीच त्याची पूजा. विहिरीत पडलेल्याला लोकांनी वर काढले की सगळे वर आलेल्याकडे पाहतात. दोर ज्याने वळला, त्याची कोणाला आठवण होत नाही. आणखी एक गोष्ट अशी की, एका काडीचा दोर होत नाही. पुष्कळ काड्या एका पिळात आल्या म्हणजेच तो माणसाचे वजन पेलतो.

असे पीळ घालणारे हात आपल्या देशातही आहेत. चेन्नईत १९८६ साली डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी 'स्नेहा' ही संस्था सुरू केली. तेथे सामान्य स्त्री-पुरुष प्रशिक्षण घेऊन, कोणाचा न्याय न करता, ऐकण्याचे काम करतात. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात 'आत्मीयता' या उपक्रमाने खेड्यातीलच माणसांना शेजाऱ्याचे दुःख ओळखायला आणि गरज पडल्यास त्याला डॉक्टरांपर्यंत न्यायला शिकवले. तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यातील दोन गावांत शेतीची कीटकनाशके ठेवण्यासाठी सामाईक जागी कुलपाच्या पेट्या करून दिल्या आणि प्रत्येक शेतकऱ्याने आपली किल्ली आपल्यापाशी ठेवली. यामागे अनुभवाचे सत्य आहे. मरणाची ऊर्मी बहुधा लाटेसारखी येते आणि ओसरते. त्या वेळी हाताशी साधन नसले आणि जवळ माणूस असले, तर पुष्कळांचा जीव वाचतो, आणि वाचलेल्यांतील बहुतेक पुढे आपले आयुष्य पूर्ण जगतात. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण दोन तृतीयांशाहून अधिक घटले. त्या बंदीच्या कागदांवर सह्या करणाऱ्यांनी किती जणांना वाचवले, हे त्यांना स्वतःलाही कधी कळणार नाही.

कायद्यानेही उशिरा का होईना, दृष्टी बदलली. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असेच मानावे आणि शासनाने त्याची काळजी घ्यावी, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ठरवले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा अशा प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारे इंग्रजांच्या काळातील कलम ३०९ गेले. आपली जीभ मात्र अजून मागे आहे. "पापी", "भेकड", "घराण्याला काळिमा" हे शब्द आपण सहज वापरतो. ईशावास्य उपनिषदातील 'आत्महन्' हा शब्द काही जण अशा वेळी तोंडावर फेकतात. पाठशाळेत आम्हाला शांकरभाष्य शिकवले, त्यात या शब्दाचा अर्थ स्वस्वरूपाविषयी अज्ञानी असलेले जन असा केला आहे. त्या अर्थाने पाहिले तर ताटावरचे दुःख न ओळखणारा मीच त्या शब्दाच्या अधिक जवळ होतो. ज्या घरात असे मरण झाले, त्या घराला शास्त्रार्थ नको असतो. अखेरचे संस्कार कोणतीही कसर न ठेवता व्हावेत आणि दहा दिवसांनंतरही कोणीतरी दाराशी यावे, एवढीच त्याची अपेक्षा असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अशा सेवकांचा मान राखावा कसा? वाचलेल्या माणसाला व्यासपीठावर उभे करून तर मुळीच नाही. त्याचे दुःख कानात ठेवणे हाच या कायकाचा पहिला नेम आहे, आणि तो टाळ्यांसाठी मोडला तर पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही. किती वाचवले हे विचारूनही नाही, कारण तो हिशेब कोणालाच मांडता येत नाही. माझ्या मते त्यांचा खरा सत्कार एकच. त्यांच्या ओझ्यात वाटेकरी होणे. दान देणारा वर राहतो आणि घेणारा खाली. दासोहात तसे नाही, तेथे जे आहे ते सर्वांचे मानून वाटून घ्यायचे असते. अन्न जसे वाटून घेतो, तसे जागरणही वाटून घ्यावे. जो रात्री फोनवर ऐकतो, त्याचे ऐकायलाही कोणीतरी हवे. ज्याच्या हातून कोणी निसटले, त्याच्याजवळ बसून "तुझे कायक पुरे होते" असे सांगणारा कोणीतरी हवा. हे शालीपेक्षा अवघड आहे, म्हणूनच त्याचे मोल अधिक.

आमच्या मठापुरते सांगतो. दासोहात वाढणाऱ्या प्रत्येकाला मी आता एवढेच सांगितले आहे की, ताटाबरोबर माणसाकडेही पाहा, आणि काही जाणवले तर त्याच रात्री मला उठवा. घरोघरीही हे करता येईल. कोणी गप्प गप्प राहू लागला, निरवानिरवीची भाषा करू लागला, तर त्याला प्रेमाने आणि सरळ विचारावे, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट अडलेले बोलणे मोकळे होते. त्याला एकटे सोडू नये, शेतातील औषधे कुलपात ठेवावीत, सोबत करून डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य बोलता येते.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणी स्वतःच त्या विहिरीत असेल, तर त्याला माझी विनंती आहे. बाळा, माई, आजची रात्र एकट्याने काढू नकोस. जवळच्याला हाक मार, तो क्रमांक फिरव, नाहीतर मठाचे दार वाजव. कोणतीही वेळ असो. या वेळी मी उपदेश करणार नाही, नुसता जवळ बसेन.

येत्या जत्रेत सत्काराच्या यादीत एक जागा रिकामी ठेवायला सांगितली आहे. तेथे कोणाचे नाव वाचले जाणार नाही. त्या वेळी सर्वांनी दासोहाच्या दिशेने वळून हात जोडायचे आहेत.

शरणु शरणार्थी.