चालतं, चालत नाही

‘हे दोन एकत्र चालत नाहीत’ हे स्वयंपाकघरातलं वाक्य धर्माज्ञेच्या सुरात उच्चारलं जातं. त्यामागे शास्त्र किती आणि सवय किती? चरकसंहितेने दूध-मासे विरुद्ध ठरवले खरे. पण सवयीने अंगवळणी पडलेलं, थोडंच खाल्लेलं किंवा तरुण, व्यायामी, प्रखर जठराग्नीच्या माणसाने खाल्लेलं विरुद्ध अन्न बाधत नाही, असंही तिथेच म्हटलं आहे. म्हणजे कोणी, किती, कोणत्या प्रकृतीला, हा विवेक शास्त्राच्या पोटातच आहे. तोच विवेक चुलीवरही दिसतो: सातपाटी-तारापूरच्या किनाऱ्यावर सुका जवळा खरपूस भाजून कांदा-वांग्यात घालतात, वर कैरीची फोड; जवळ्याचा उग्रपणा त्या आंबटाने ताळ्यावर येतो. त्यातली मिरची मूळची अमेरिका खंडातली, आणि २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला डहाणू-घोलवडचा चिकूही तिकडचाच. जुन्या ग्रंथांना दोन्ही ठाऊक नव्हते, तरी आज दोन्ही आपले आहेत.

कोणी म्हणेल, मग अशा जोड्या जुळवत बसणं म्हणजे जिभेचे चोचलेच की! मला तसं वाटत नाही. चोचल्यांना फक्त आणखी हवं असतं. जोडी शोधणाऱ्याला प्रत्येक जिन्नसाचा स्वभाव ओळखावा लागतो, आणि ती अन्नाची कदरच आहे. व्रताची, अहिंसेची बंधनं वेगळी. ती स्वतःहून घेतलेली असतात, म्हणून पूज्य. शेजारच्या ताटावर लादली की त्यांचं व्रतपण संपतं. बोईसरच्या कारखान्यांमुळे इथे वसलेल्या बिहारी घरात उद्या मोहरीच्या तेलात जवळा परतला गेला, तर तो चाखूनच मत द्यावं.