‘वय झालं’ म्हणून सोडून दिलेलं दुखणं

दसरा उलटला की पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्यावस्त्यांवरून ऊस तोडणाऱ्या कोयत्यांच्या जोड्या ट्रॅक्टर-ट्रकांत बसून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. हा अंक तुमच्या हाती येईल तोवर अशी बरीच घरं रिकामी झालेली असतील. रिकामी म्हणजे तरण्याताठ्यांपुरती. मागे म्हातारी माणसं उरतात: कोणाचे गुडघे गेलेले, कोणाची अर्धांगवायूने एक बाजू लुळी पडलेली. मुकादमाकडून उचल घेताना घरातले धडधाकट हात तेवढे मोजले जातात. जे हात मोजणीतून सुटले, त्यांच्या मनाकडे कोण पाहतं?

‘हातीपायी धड असतानाच ने रे देवा’ हे मागणं नगरकडच्या ओट्याओट्यावर ऐकू येतं. आपण ते भक्तीच्या खाती टाकून मोकळे होतो. त्यात मरणाच्या ओढीपेक्षा परस्वाधीन होण्याची धास्ती मोठी असते. वृद्धांचं स्वावलंबन मोजायला सिडनी कॅट्झ यांनी 1963 साली अमेरिकेत सहा गोष्टी धरल्या: अंघोळ, कपडे, संडास, उठबस, मलमूत्रावरचा ताबा आणि जेवण. यांत मी संडासाला सगळ्यांत वर ठेवीन. गुडघा वाकत नाही, संडास अंगणाच्या टोकाला, उकिडवं बसायचं आणि हात धरून उठवायला कोणी नाही. मग म्हातारी पाणी कमी पिते, रात्रीची भाकरी टाळते. अशक्तपणा येतो, लघवीला जळजळ होते, बाहेर पडणं सुटतं. शेजारीपाजारी म्हणतात, वय झालं, खाणं तुटलं. खाणं लाजेपायी तुटलेलं असतं, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये ‘लासी’ ही देशव्यापी पाहणी केली. तीत साठीपुढच्या 8.3 टक्के लोकांत नैराश्य असावं, असं प्रश्नावलीतून दिसलं. आपल्याला तसं निदान झाल्याचं सांगणारे होते अवघे 0.8 टक्के. दहापटीची ही तफावत मला फारशी नवलाची वाटत नाही. ‘मला नैराश्य आलंय’ असं सांगत आपल्याकडचा कोणता म्हातारा दवाखान्यात जातो? तो म्हणतो, अंगात बळ नाही, झोप नाही, जीव कशात लागत नाही. त्याला ताकदीची सुई मिळते, फार तर सलाईन.

शरीर आणि मन यांचा हा फेरा दोन्ही बाजूंनी फिरतो. अर्धांगवायू झालेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला पुढे नैराश्य गाठतं. त्यात मेंदूला झालेल्या इजेचा वाटा असतो, तसा हातचं काम गेल्याचाही. वैरण टाकणं, बांधावर चक्कर, सप्ताहातली हजेरी हे सगळं एका झटक्यात संपतं. खचलेला माणूस मग व्यायाम सोडतो, हात आणखी आखडतो. अपंगत्वाच्या दाखल्यावर टक्के लिहिले जातात. जगण्यातून काय गेलं, त्याला तिथे रकाना नाही.

उपाय फार लांबचे नाहीत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू करून पुढे गावातल्याच बायांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर, शिकवून आरोग्यसेविका केलं. मनाच्या दुखण्यातही ही वाट चालते, याचा पुरावा गोव्यात मिळाला. तिथे उदासीची सुरुवात झालेल्या साठीपुढच्या 181 जणांचा अभ्यास झाला. तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी त्यांतल्या एका गटाला अडचणी सोडवायला, झोप सुधारायला, मधुमेहासारखी दुखणी सांभाळायला आणि सरकारी योजना मिळवायला मदत केली. वर्षभरात त्या गटात सुमारे 4.4 टक्के लोकांना तीव्र नैराश्य आलं, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 14.4 टक्क्यांना. योजनेचा अर्ज भरून देणं हासुद्धा तिथे उपचारच होता, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 2021 मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. तीच नजर आता या कामगारांच्या आईबापांकडे वळायला हवी. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांपुढच्या पात्र व्यक्तीला साधनांसाठी 3000 रुपये मिळतात. त्यात साधी कमोड खुर्ची येऊ शकते. मनाच्या त्रासासाठी 14416 हा ‘टेलिमानस’चा फुकट फोन आहे. पण फोन लावून द्यायला आणि अर्ज भरायला माणूस लागतो. वाचकहो, या हंगामात तुमच्या वस्तीवर मागे राहिलेल्यांपैकी एकाला तरी विचारा: पाणी किती पिता, झोप लागते का, संडासला कसे जाता? आणि ‘वय झालं’ एवढ्या उत्तरावर परत फिरू नका.